नाव कुणाचं लावायचं

रायपूरच्या गोल बाजारात लग्नाचं सगळं सामान एका फेरीत मिळतं. हळद-कुंकू, सुपाऱ्या, नाडाछडी, तांब्या-पितळेची भांडी, बांगड्या, मसाले, जडीबुटी, आणि छत्तीसगढी लग्नाला लागणारी पर्रा-बिजना ही बांबूच्या परडी-पंख्याची जोडी आणि डोक्याला बांधायचं मौर. मालवीय रोडवरून आत शिरलं की गल्लीतून गल्ली फुटत जाते आणि नवा माणूस वाट विचारत फिरतो. इथले गाळे महापालिकेचे. दुकानदार भाडेकरू, पण पिढ्यान्‌पिढ्यांचे. काही वर्षांपूर्वी या दुकानदारांना मालकी हक्क देण्याची गोष्ट निघाली तेव्हा शहरभर तिची चर्चा होती. पैसे किती भरायचे, रजिस्ट्री कशी होणार, भाव कोण ठरवणार, असं रोज काही ना काही छापून येत होतं. मला मात्र त्या बातम्यांमागे घरांतली भांडणं ऐकू येत होती. भाड्याची पावती आजोबांच्या नावाने फाटते, गल्ल्यावर काका बसतात, दुकान प्रत्यक्षात चालवते सून, आणि हिस्सा मागायला पुण्याहून पुतण्या निघालाय. नामांतरणाच्या कागदावर नाव कुणाचं लावायचं?

माझी मालिका या प्रश्नातून निघाली. ती अजून पडद्यावर आलेली नाही. पण ती लिहिताना आणि मुंबईत जाऊन सांगताना जे शिकले, ते आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्यांच्या कामाचं आहे, म्हणून लिहिते आहे.

मी अमरावतीची. लग्न होऊन रायपूरला तात्यापाऱ्यात आले. या भागातली मराठी घरं जुनी आहेत. १७५८ मध्ये नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी रतनपूरला येऊन राज्य करू लागले, त्यांच्या मागोमाग कारकून आले, भटजी आले, शिपाई आले. पुढे रायपूर वाढलं तशी ही मंडळी इथे स्थिरावली. घरात मराठी, बाहेर हिंदी, कामाला येणाऱ्या बाईशी छत्तीसगढी, अशा तीन भाषा माझ्या सासूबाई एकाच दमात बोलत. गणेशोत्सवात बसवण्यासाठी मी बऱ्याच एकांकिका लिहिल्या होत्या. गोल बाजाराचा विषय सुचला तेव्हा तोही एकांकिकेचाच वाटला. माझी भाची मुंबईत मालिकांच्या क्रिएटिव्ह विभागात काम करते. तिला फोनवर गोष्ट सांगितली. ऐकून घेऊन ती म्हणाली, "मामी, हे पाऊण तासात संपवू नकोस. ही मालिका आहे. मला सांग, सहाव्या महिन्यात काय घडतं?"

सहाव्या महिन्यात काय घडतं, हा प्रश्न रंगभूमीवर लिहिणाऱ्याला कधी पडत नाही. आपण शेवटाकडे नजर ठेवून लिहितो. त्या रात्री मला माधवराव सप्रे आठवले. सप्रे मराठी घरातले, पण हिंदी पत्रकारितेचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यातले. १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं, पुढे टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं, आणि १९२६ मध्ये रायपुरातच गेले. १९०१ मध्ये छापलेली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही हिंदीतल्या अगदी सुरुवातीच्या कथांपैकी एक मानली जाते. तीही जागेचीच गोष्ट आहे. एक जमीनदार आपल्या वाड्यालगतची गरीब विधवेची झोपडी कोर्टकचेरी करून बळकावतो. ती त्याच्याकडे चुलीसाठी टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला हात लावा म्हणते. ती त्याला उचलत नाही. एका टोपलीचा भार सोसत नाही, तर सगळ्या जागेचा जन्मभर कसा सोसाल, असं ती विचारते. जमीनदाराला पश्चात्ताप होतो, झोपडी परत मिळते, गोष्ट पुरी होते. दोन-तीन पानांत इतकं भरीव लिहिणं फार थोड्यांना साधलं आहे.

आणि ही कथा मालिका होऊ शकत नाही. जमीनदाराला पश्चात्ताप झाला की पुढे सांगायला काही उरत नाही. मालिकेत समोरच्या माणसाला पश्चात्ताप होऊन चालत नाही, कारण त्याचंही बरोबरच असावं लागतं. हे कळल्यावर मी माझ्या गोष्टीतला, दुकान चालवणाऱ्या सुनेचा दीर पहिल्यापासून नव्याने लिहिला. आधी तो नुसता लोभी होता. आता दुकान कर्जात बुडालं असताना त्याने स्वतःच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम त्यात घातली आहे, लग्न लांबलं ते लांबलंच, आणि त्याचा हिशेब घरात कुणी ठेवलेला नाही. सून म्हणते, पंधरा वर्षं दुकान मी उघडते. दीर म्हणतो, मी नसतो तर उघडायला दुकान राहिलं नसतं. दोघंही खरं बोलतात. सासऱ्यांनी एकाच्या बाजूने कौल दिला, की दुसऱ्यावर अन्याय होतो आणि गोष्ट पुढे चालते. सहाव्या महिन्याचं उत्तर मला इथे मिळालं.

भाचीने जुन्या मालिका पुन्हा पाहायला सांगितल्या, पण प्रेक्षक म्हणून नाही. प्रत्येक पात्राला काय हवं आहे, ते वहीत एका ओळीत लिहायचं. मी 'हम लोग'पासून सुरुवात केली. १९८४ च्या जुलैमध्ये दूरदर्शनवर सुरू झालेली मनोहर श्याम जोशींची ही मालिका आपल्याकडच्या सगळ्या कौटुंबिक मालिकांची आजी म्हणावी लागेल. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी समाजशिक्षणासाठी केलेल्या मालिकांवरून तिची कल्पना आपल्याकडे आली होती, पण जोशींनी तिच्यात जे कुटुंब बसवलं ते अस्सल उत्तर भारतातलं. वही भरत गेले तसं लक्षात आलं, की त्या छोट्या घरात नन्हेला क्रिकेटर व्हायचं आहे, छुटकीला डॉक्टर व्हायचं आहे, मझलीला सिनेमाची ओढ आहे. ज्याला त्याला एक काहीतरी हवं आहे, आणि ते सगळ्यांना एकदम मिळणं शक्य नाही. मग माझ्या पात्रांची पानं काढली. सुनेच्या नणंदेच्या, म्हणजे घरातल्या आत्याच्या, पानावर मला एक ओळही लिहिता येईना. तिला काय हवं आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. ते पान बरेच दिवस कोरं राहिलं.

उत्तरं शोधायला मी गोल बाजारात ओळखीच्या एका दुकानात जाऊन बसायला लागले. पूजेचं आणि लग्नाचं सामान विकणारं ते दुकान. काउंटरच्या आत एक स्टूल मिळालं आणि मी नुसती पाहत राहिले. एका दुपारी आरंगकडच्या खेड्यातून एक बाप-लेक आले. बापाच्या हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर यादी. दुकानदाराने यादीकडे पाहिलंही नाही. आधी विचारलं, "चुलमाटी कब हे?" चुलमाटी म्हणजे लग्नाच्या चुलीसाठी माती आणण्याचा विधी. त्याचा दिवस कळल्यावर कोणती वस्तू आज न्यायची आणि कोणती नंतर, याचे त्याने दोन ढीग केले. मग, "मौर छिंद के देवौं के थर्मोकोल के?" मुलाला चकचकीत थर्मोकोलचं हवं होतं. बापाला छिंदाच्या पानाचं, हाताने विणलेलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, दोघंही दुकानदाराकडे पाहत राहिले. दुकानदाराने दोन्ही मौर काउंटरवर ठेवली आणि शांतपणे सुतळी शोधू लागला. शेवटी मुलानेच छिंदाचं उचललं. सगळा प्रसंग पाच मिनिटांचा, पण त्यात दोन पिढ्या होत्या, हट्ट होता, माघार होती, आणि एकही संवाद फुकट गेला नव्हता. पटकथेच्या एका सीनकडून याहून जास्त काही मागू नये.

त्याच दुकानात मला माझी नायिकाही दिसली. दुकानदाराची सून दुपारनंतर यायची. कुठली वस्तू कुठल्या खणात आहे, कुणाची उधारी किती थकली आहे, सगळं तिला तोंडपाठ. पण सासरे असोत की नसोत, ती गल्ल्यामागच्या गादीवर कधी बसली नाही. गल्ल्याच्या डाव्या बाजूला उभी राहायची, पैसे घेताना हात लांब करून गल्ल्यात टाकायची आणि सुटे पैसे तसाच हात लांब करून काढायची. मी तिला काही विचारलं नाही. घरी येऊन पहिल्या भागाचा पहिला सीन लिहिला. त्यात संवाद नाही. एक बाई दिवसभर गल्ल्याशेजारी उभी आहे आणि रिकामी गादी कॅमेऱ्याला दिसते आहे, एवढंच.

इथपर्यंत मी लेखिकेसारखा विचार करत होते. मालिका लिहिणाऱ्याला निर्मात्यासारखाही विचार करावा लागतो, हे नंतर शिकले. मराठी मालिकांचे बरेच सेट ठाण्याच्या घोडबंदर रोडला आणि मीरा रोडच्या बाजूला उभे असतात. बारा तासांच्या शिफ्टमध्ये ठरलेली मिनिटं हातात पडली नाहीत तर रोजचा भाग रोज दाखवता येणार नाही. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटांची गोष्ट. एवढ्यात तुम्ही रोज बाजारातली गर्दी दाखवाल, तर खर्चानेच मालिका मरेल. म्हणून बाजाराला दुकानात आणायचं, हा उपाय मी केला. दुकान आणि त्यामागचं घर, असे दोनच सेट. रस्ता दाखवायचा नाही, रस्ता ऐकू यायला हवा. गिऱ्हाईक आत येताना बाहेरची बातमी घेऊन येईल, समोरचा बांगडीवाला उंबऱ्यावर उभा राहून बोलेल, महापालिकेचा माणूस नोटीस घेऊन काउंटरशी येईल. रायपूरला जाऊन खरा गोल बाजार चित्रित करायचा तो सणावारी, थोडे दिवस, आणि ते तुकडे वर्षभर वापरायचे. ही अडचण आहे म्हणून मी कधी कुरकुर केली नाही. उलट त्या बंधनामुळे दुकान हेच माझ्या मालिकेचं रणांगण झालं आणि प्रत्येक सीनला एक काउंटर मिळाला, ज्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, यावरून माणसाचं घरातलं स्थान कळतं.

आणखी एक गोष्ट नव्या लेखकाने आधीच समजून घ्यावी. रोजच्या मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे, अशी विभागणी सर्रास असते. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की पुढच्या ट्रॅकची दिशा बदलू शकते. तेव्हा तुमची कल्पना दुसऱ्यांच्या हातात जाऊनही तुमचीच राहावी, असं वाटत असेल तर ती कागदावर नीट मांडलेली हवी. एका वाक्यात मालिका, मग पानभर गोष्ट, पात्रांची ओळख आणि त्यांचे आपसातले संबंध, पहिल्या वीस भागांची वनलाईन, आणि पहिल्या भागाची संवादांसह पूर्ण संहिता. मी सगळ्यात जास्त वेळ त्या एका वाक्यावर घालवला. बिलासपूरचे नाटककार शंकर शेष यांच्या कथेवरचा 'घरौंदा' हा सिनेमा १९७७ मध्ये आला. मुंबईत लग्न करून राहायला घर हवं आणि ते मिळत नाही, एवढ्यावर तो उभा आहे. हे कुणालाही एका दमात सांगता येतं आणि ऐकणारा लगेच विचारतो, मग काय करतात ते? माझंही वाक्य असंच हवं होतं, की जे ऐकून समोरच्याने पुढचं विचारावं.

मुंबईत जाण्याआधी मी संहिता आणि संकल्पना दोन्ही स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवल्या. हे ऑनलाइन होतं आणि नोंदीवर तारीख मिळते. पुष्कळांना वाटतं की कल्पना आपली, म्हणजे हक्क आपला. कायदा तसं म्हणत नाही. आर. जी. आनंद यांच्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून १९५६ चा 'न्यू दिल्ली' हा सिनेमा केला, या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितलं की नुसत्या कल्पनेवर, विषयावर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. आनंद तो खटला हरले. पण झी टेलिफिल्म्स आणि सनडायल कम्युनिकेशन्स यांच्यातल्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये आणखी एक दार उघडं असल्याचं दाखवलं. विश्वासाने ऐकवलेली, लेखी स्वरूपात पुरेशी फुललेली संकल्पना परस्पर वापरता येत नाही, असं त्या निकालाचं सार. हे वाचल्यावर माझी भीती गेली आणि लिहिण्याची पद्धतही पक्की झाली. जितकं तपशिलात लिहाल तितकं ते तुमचं. कुणाला भेटून आल्यावर त्याच संध्याकाळी, काय ऐकवलं आणि कोणते कागद दिले हे लिहून एक साधी ईमेल पाठवायची, ही सवय भाचीने लावली. नव्या लेखकांना मी हे हात जोडून सांगते. संकोच करू नका, नोंदणी करा.

ऐकवायला मला दहा मिनिटं मिळणार होती. घरी तयारी करताना नवऱ्याला समोर बसवलं. मी दुकानामागच्या घराचं वर्णन करत होते, भोसल्यांचा इतिहास सांगत होते, आणि त्याचं लक्ष घड्याळाकडे जात होतं. भाची म्हणाली, इतिहास पोटात ठेव, त्यांना माणूस दे. मग मी क्रम बदलला. आधी ते वाक्य: रायपूरच्या गोल बाजारातलं एका मराठी घराचं भाड्याचं दुकान पिढ्यांनंतर मालकीचं होणार आहे, आणि दुकान चालवणाऱ्या सुनेचं नाव कुठल्याच कागदावर नाही. मग गल्ल्याशेजारी उभी राहणारी बाई. मग दीर आणि त्याचं खरेपण. पहिला आठवडा कुठे संपतो. सहा महिन्यांनी घर कुठे उभं असतं. बस.

ऐकवायला गेले त्या अंधेरीतल्या खोलीत तिघं होते. वाक्य म्हणून झालं आणि मी थांबले. त्यातल्या एका मुलीने लगेच विचारलं, "मग सासरे तिचं नाव का नाही घालत?" मला तेवढंच हवं होतं. पुढची दहा मिनिटं मी सांगत नव्हते, उत्तरं देत होते.

अडलं ते गावाच्या नावावर. "गोष्ट छान आहे, पण रायपूर कशाला? नाशिक करा. कोल्हापूर करा. आपल्या प्रेक्षकाला जवळचं वाटेल." हे अगदी सौजन्याने विचारलं गेलं, आणि त्यांच्या बाजूने ते रास्तही होतं. पण या एका गोष्टीवर मला हलायचं नव्हतं. मी म्हटलं, 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झाली आणि मालवणीत बोलली, म्हणून ती लांबची वाटली का? उलट ती बोली घराघरांत गेली. गाव अस्सल असलं की प्रेक्षक त्याच्याकडे चालत येतो. मग मी त्यांना एक पान वाचून दाखवलं. सून घरात सासूशी मराठीत बोलते, काउंटरवर हिंदीत, आणि आरंगच्या म्हाताऱ्याशी छत्तीसगढीत. चार मिनिटांच्या सीनमध्ये ती तीन भाषा बदलते आणि प्रत्येक भाषेत तिचा आवाज वेगळा होतो: घरात दबका, बाजारात ठणठणीत, म्हाताऱ्याशी मायेचा. नाशिक केलं की ही बाईच नाहीशी होते.

हेही सांगितलं की आमच्या भागाला टीव्ही नवा नाही. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर 'साइट'चा प्रयोग झाला. नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत कार्यक्रम दाखवले गेले, आणि त्यासाठी निवडलेल्या भागांत रायपूरचा भाग होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी तबकडी शाळेवर बसवायची आणि संध्याकाळी सगळा गाव एका संचासमोर. देशातल्या कितीतरी मोठ्या शहरांत तेव्हा टीव्ही नव्हता. इतकी वर्षं आम्ही दुसऱ्यांची घरं पडद्यावर पाहतो आहोत. महाराष्ट्राबाहेर रायपूर, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, तंजावर इथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसं नांदली, आणि मराठी मालिकेत ती जवळजवळ दिसतच नाहीत. हे बोलताना माझा आवाज चढला होता. तिघांनी ऐकून घेतलं. बिलासपूरहून मुंबईला गेलेले नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबे मला त्या क्षणी आठवत होते. हिंदी भागातला हा माणूस मराठी रंगभूमीत मिसळून गेला, आणि हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावरच्या 'भूमिका' या सिनेमाच्या पटकथेत त्याचा हात होता. छत्तीसगढातून निघून मराठीच्या गाभ्यापर्यंत वाट आहे, ती कुणी तरी चालून गेलेलं आहे.

रायपूर राहिलं. त्यांनी विकसित करायला पहिल्या वीस भागांचा तपशील मागितला, तो देऊन झाला, आणि मग लेखी सूचना आल्या. त्यातली एक होती आत्याला खलनायिका करण्याची. हिस्सा मागायला येणारी नणंद प्रेक्षकाला ओळखीची, तिच्यामुळे घर पेटतं ठेवता येईल. पण तोवर आत्याचं ते कोरं पान भरलं होतं. तात्यापाऱ्यातल्या बायकांशी बोलताना कळलं होतं, की माहेरच्या जागेवरचा हक्क सोडल्याची सही आमच्या पिढीतल्या किती जणींनी न वाचता केली आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, पण तो मागणारी मुलगी अजून घर फोडणारीच ठरते. माझ्या आत्याला पैसे नको आहेत. तिला ती सही परत हवी आहे. मी उत्तर लिहिलं, की आत्या हिस्सा मागेल, भांडेल, वकील आणेल, पण ती बरोबर असेल. दिराचं जसं खरं आहे तसंच तिचंही. शिवाय आत्या आणि सून एका बाजूला आल्या तर दुसऱ्या वर्षाचं भांडण काय असेल, त्याचंही एक पान जोडलं.

त्यांचं त्यावरचं उत्तर यायचं आहे. दरम्यान मी एकविसाव्या भागावर आहे. त्यात नवरात्र लागतं, आणि देवळात ज्योतिकलश लावणाऱ्यांचं सामान दुकानातून जातं. कलश कुंभाराकडून किती आधी येतात, तेलाचा भाव कोण धरतो, देवळाची उधारी दिवाळीआधी फिटते की नंतर, हे नीट कळल्याशिवाय दीर-भावजयीचा पुढचा हिशेब लिहिता येणार नाही. म्हणून या आठवड्यात पुन्हा गोल बाजारात जाऊन बसणार आहे.